माळावर चुन्याचे तीन ठिपके

२४ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा.

संकल्प. यंदा दुर्बीण घ्यायची आणि मनस्वीला शनीची कडी दाखवायची. दसऱ्याला केलेला संकल्प मोडत नाही असं आई म्हणायची. (मशरूमचा संकल्प गुढीपाडव्याला केला होता, पण तो विषय वेगळा. त्या खोलीत आता सरपण आहे, आणि सरपणालाही खोली लागतेच.)

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, पुढे कुणी चरित्र लिहायला घेतलं तर उपयोगी पडेल. मनस्वी सहावीत, मुरबाडला शाळेत. विज्ञानाला रंजिता मॅडम. त्यांनी वर्गात शनीचं चित्र दाखवलं. पोरगी घरी येऊन विचारते, पप्पा, ही कडी खरीच असते का. मी जेवत होतो. म्हटलं, खरीच असते, मी दाखवतो तुला. एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी तिने अख्ख्या वर्गाला सांगितलं.

रुपालीचं म्हणणं, बोलायच्या आधी घास गिळायचा. आणि एक गोष्ट तिने सांगितली ती मला माहीत नव्हती. वर्गातल्या पोरी मनस्वीला 'उद्या' म्हणतात. गेल्या वर्षी विज्ञान दिनाला मी शाळेत ड्रोन आणणार होतो. तो उद्या येतो, उद्या येतो करत आलाच नाही. त्यावरून. मनस्वी घरी काही बोलली नव्हती.

फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. म्हणजे थोडं गेलं.

संध्याकाळी सोनं द्यायला शेजारच्या धाकलू काकांकडे. सांगितलं, दुर्बीण घेतोय. म्हणाले, घे रे घे, चष्म्यापेक्षा बरी.

२९ ऑक्टोबर, रविवार.

अभ्यास सुरू. यूट्यूबवर दुर्बिणींचे व्हिडिओ बघितले. दुर्बिणी दोन जातीच्या: एक काचेची, एक आरशाची. काचेची लांबट, आरशाची जाडी. विषय इतका सोपा असेल असं वाटलं नव्हतं. बारा वाजेपर्यंत साधारण सगळं कळलं.

घरचे सगळे भात कापायला खाली गेले होते. मी दुपारी पोचलो. रुपालीने विचारलं, विळ्याचे पण व्हिडिओ असतात का. विज्ञानाच्या वाटेत असले टोमणे यायचेच.

४ नोव्हेंबर, शनिवार.

पतपेढी हाफ डे. शाळेत जाऊन रंजिता मॅडमना भेटलो. माझा अभ्यास किती झालाय हे त्यांच्या लक्षात यावं म्हणून सुरुवातीलाच विचारलं, किती पटीची घेऊ.

मॅडम म्हणाल्या, पट बघूच नका. खोक्यावर पट मोठा लिहिलेला असतो तो विकण्यासाठी. बघायचं ते दुर्बिणीचं तोंड किती रुंद आहे, आणि स्टँड किती दणकट आहे. स्टँड हललं की शनी पण हलतो. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा साधी दोन डोळ्यांची दुर्बीण घ्या, दोन महिने नुसतं आकाश ओळखायला शिका.

बाई हुशार आहेत, पण महत्त्वाकांक्षा कमी. दोन महिने नुसतं बघायचं तर डोळे आहेतच की. तरी मान हलवली, शाळेचा चहा प्यायलो.

निघताना म्हणाल्या, सतरा डिसेंबरला रविवार आहे, त्या संध्याकाळी चंद्र शनीच्या अगदी शेजारी येतोय. कुणालाही सापडेल. तेव्हा वर्ग घेऊन येऊ का तुमच्या गावाला? मनस्वी दारात उभी राहून ऐकत होती. म्हटलं, या. अवश्य या.

५ नोव्हेंबर, रविवार.

भातसानगरला साडूकडे जेवायला. अनिल धरणावर नोकरीला आहे. मुंबईला पाणी सगळं हाच पाजतो अशा थाटात बोलतो. त्याच्याकडे दोन डोळ्यांची दुर्बीण निघाली. पक्षी बघायला घेतलीय म्हणे. म्हणाला, सुनिलराव, उगाच नवीन घेऊ नका, ही घेऊन जा, दहा पट आहे.

दहा पट. हसू आलं, पण साडूच्या घरी हसू नये म्हणून खोकलो. मनात ठरवलं, पट बघायचाच. मॅडमना साडू नसावा.

९ नोव्हेंबर, गुरुवार.

पतपेढीच्या कामाने शहापूरला. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात चौकशी केली. दुर्बीण नव्हती, पण मालक मोठा प्रेमळ. बसा म्हणाला, डोळे तपासले. जवळचा नंबर निघाला. चष्मा घेऊन आलो.

रुपालीला समजावलं की डोळा हेच पहिलं उपकरण. ती म्हणाली, मग झालं की काम.

१५ नोव्हेंबर, बुधवार. भाऊबीज.

मेहुणा किशोर आला. मुरबाडच्या एका कंपनीत आहे, मोबाइल त्याच्या हातात नुसता नाचतो. ओवाळणी उरकल्यावर त्याला घेऊन बसलो. दोन दुर्बिणी समोर. एकीचं तोंड रुंद, स्टँड जाड, पट कुठे लिहिलेलाच नाही. विकणाऱ्यालाच खात्री नसावी. दुसरीवर ठळक लिहिलंय: पाचशे पंचवीस पट. शिवाय स्टँड हलकं, काखेत मारून कुठेही न्या.

किशोर म्हणाला, दाजी, पाय बारीक दिसताहेत हिचे. म्हटलं, हिला पळायचंय का?

ऑर्डर दिली. पाचशे पंचवीस पट म्हणजे शनी दारातच. साडूचा दहा पट आठवून झोपेतही बरं वाटेल.

रुपालीचा विरोध मात्र वेगळ्याच बाजूने आला. शनी टाळायला लोक तेल वाहतात, नारळ देतात, आणि तुमी पैसे देऊन घरात आणताव? त्याच्या नजरेला नजर द्यायची नसते, असं तिच्या माहेरी म्हणतात. म्हटलं, तो आपल्याला बघत नाही, आपण त्याला बघणार आहोत. ती म्हणाली, पाचशे पट बघितल्यावर त्याला कळणार नाय व्हय.

२२ नोव्हेंबर, बुधवार.

आली!

रुपालीने पूजा केली, हळदकुंकू लावलं. पुढच्या काचेला लावत होती, वेळेत हात धरला. मग स्टँडच्या एका पायाला काळी बाहुली बांधली. बांधू दे.

जोडणी मी स्वतः केली. सूचनांचं पुस्तक वाचावं लागलं नाही. एक कोपऱ्यासारखी वाकडी नळी जास्तीची निघाली, ती परत खोक्यात ठेवली. डोळ्याकडे लावायच्या काचा तीन. एक जाड, एक मधली, एक अगदी बारीक. सगळ्यात ताकदवान बारीक. आपण तीच वापरायची. बाकीच्या दोन मनस्वीला खेळायला दिल्या.

२३ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळी.

अंगणातून पहिलं निरीक्षण. एकूण काळोख दिसला. दर्जेदार काळोख. नुसत्या डोळ्यांना एवढा काळा दिसत नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार.

मंगळ सापडला! लाल, ठळक, उत्तरेच्या टेकडीवर. मनस्वीला दाखवला. तिने बराच वेळ बघून विचारलं, पप्पा, मंगळाला शिडी असते का.

तो मोबाइलचा टॉवर आहे. टॉवर ग्रहांच्या उंचीवर बांधू नयेत. तक्रार अर्ज करायचा.

२६ नोव्हेंबर, रविवार.

चंद्र जवळजवळ पूर्ण. दुर्बीण लावली, सगळं पांढरं. चुना लावलेल्या भिंतीला नाक टेकल्यासारखं. तेही थरथरतंय. स्टँडला हात लागला की चंद्र उडी मारून जातो, मग सापडत नाही. एवढा मोठा चंद्र सापडत नाही.

पतपेढीत सगळे विचारणार. शनी बघितला का, असं विचारलं तर हो म्हणायचं ठरवलं. बघणारच आहे, फक्त क्रम थोडा मागेपुढे.

२८ नोव्हेंबर, मंगळवार.

हो म्हटलं. मॅनेजरने विचारलं, कडी कशी दिसते. म्हटलं, अप्रतिम. घरी आल्यावर मनस्वीने विचारलं, पप्पा, मीनामावशी म्हणाली तुम्ही शनी बघितला, मला का नाय उठवलं. (मीना पतपेढीत कॅशला आहे. पोटात काही राहत नाही.) म्हटलं, जरा ढगातून दिसला, तुला सतरा तारखेला नीट दाखवतो. ती बरं म्हणाली. बरं म्हणते तेव्हा तिच्या आईसारखी दिसते.

३० नोव्हेंबर, गुरुवार.

शेवटी सूचनांचं पुस्तक वाचलं. दोष माझा नाहीच! दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण असते. ती आणि मोठी, दोघींचं तोंड एकाच दिशेला हवं. ते दिवसाउजेडी करायचं असतं, लांबची एखादी वस्तू धरून. पहिल्याच पानावर लिहिलंय. पहिलं पान कोण वाचतं?

योजना: रोज सकाळी ड्युटीआधी गावामागच्या माळावर. समोर सगळी शेतं, त्यांच्या मागे सिद्धगड.

२ डिसेंबर, शनिवार.

आजपासून शास्त्रशुद्ध काम. किशोरला बोलावून घेतलं. त्याला लाल फडकं बांधलेला बांबू देऊन खाली शेतात उभं केलं, आणि लांबून दिसावा म्हणून कंपनीचं केशरी जाकीट घालायला लावलं. मी माळावर, एक डोळा मिटून. हाताने खुणा: डावीकडे. अजून. थांब. मागे. किशोर चांगलं शिकला.

दुर्बिणीचे पाय रोज त्याच जागी यावेत म्हणून तिन्ही पायांखाली चुन्याचे ठिपके केले. बाजूच्या दगडावर चुन्याने 'टी-१' लिहिलं. टी म्हणजे टेलिस्कोप. एक म्हणजे सुरुवात.

बांबू रोज कोण रोवणार, म्हणून तिथेच राहू दिला. धाकलू काकांच्या वालाच्या तुकड्यात आहे, पण एका बांबूने काय होतंय.

एक अडचण. दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं. किशोर डोक्यावर उभा, सिद्धगड खाली लोंबतोय. कंपनीला फोन केला, लागला नाही.

३ डिसेंबर, रविवार.

गावात विज्ञानाची गोडी लागली!

सकाळी माळावर सात-आठ जण आले. लांब उभे राहून बघत होते. मग जगन पुढे आला. गाईगुरं सांभाळतो, कधी पुस्तक हातात धरलेलं नाही, पण प्रश्न बघा. हे यंत्र किती लांबपर्यंत धरतं? म्हटलं, अब्जावधी किलोमीटर. त्याने मागे वळून सगळ्यांना सांगितलं. मग विचारलं, लाइन कशी जाते? म्हटलं, इथून सरळ त्या बांबूवरून सिद्धगडाकडे. एकाने रस्ता कुठला, असं विचारलं. ग्रहांच्या मार्गाला रस्ता म्हणतात ही माणसं, किती गोड.

एकाने विचारलं, वरचे साहेब कधी येणार. म्हटलं, साहेब कुणी नाही, मीच. ते एकमेकांकडे बघत राहिले. आदर असा डोळ्यांत दिसतो.

दुपारी जगनने गावठी कोंबडी आणून दिली. कशाला, म्हटलं. म्हणाला, आमचं पण जरा बघा. त्याला पण शनी बघायचाय. संध्याकाळी रस्सा केला.

६ डिसेंबर, बुधवार.

आज धाकलू काका स्वतः माळावर आले. सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरून चढले. आदराने दुर्बीण त्यांच्याकडे दिली. त्यांनी वाकून बघितलं. समोर त्यांचंच शेत होतं, उलटं. मग म्हणाले, जमीन वर, आभाळ खाली. मी म्हटलं, यंत्रातून तसंच दिसतं काका. ते म्हणाले, म्हंजे जायचंच.

त्यांना बहुतेक वयामुळे मृत्यूचे विचार येत असावेत. आकाशाकडे बघितलं की येतात. मी पाठीवर हात ठेवला.

९ डिसेंबर, शनिवार.

आश्चर्य! गावात वृक्षारोपण सुरू झालंय. धाकलू काकांनी वाल उपटून त्या तुकड्यात आंब्याची कलमं लावली. जगनने त्याच्या पट्टीत पत्र्याची शेड उभी करायला घेतली. त्याच्या खालच्या शेतातही कलमं. पावसाळ्यात झाड लावायला कुणीही लावेल, पण डिसेंबरात लावायला निसर्गाची ओढ लागते. आणि योगायोग म्हणजे सगळी झाडं माझ्या बांबूच्या सरळ रेषेत. माळावरून बघायला फार सुंदर दिसतं, उलटं असलं तरी.

एक खंत. काका दरवर्षी वालाच्या पहिल्या शेंगा मनस्वीला देतात. यंदा वाल नाही. पण विज्ञान आणि शेंगा दोन्ही एकदम कसे मिळणार.

रुपाली म्हणाली, तुमाला एक सांगायचंय, गावात लोक काय बोलतात ते ऐका जरा. म्हटलं, प्रसिद्धीचं काही सांगू नकोस, डोक्यात हवा जाते. सतरा तारीख झाली की बोलू.

१३ डिसेंबर, बुधवार.

शनी अजून मिळालेला नाही. छोटी दुर्बीण आणि मोठी दुर्बीण, दोघींचं जमतं पण टिकत नाही. किशोर म्हणाला, दाजी, जाड काच लावून बघा. म्हटलं, पाचशे पट सोडून मागे जायचं? मनस्वी त्या दोन काचा रोज फडक्याने पुसून ठेवते. पोरांचा खेळ.

आज तिने विचारलं, पप्पा, सतराला नक्की ना? सगळ्या येणार आहेत. शाळेत पाटीवर लिहिलंय. म्हटलं, नक्की. आवाज थोडा मोठा निघाला. मला भीती वाटतेय, पण ती मी इथेच लिहितोय, कुठे दाखवत नाही.

१६ डिसेंबर, शनिवार.

उद्याची तयारी. भाषण तयार: 'आपला गाव आणि ब्रह्मांड.' साडूलाही बोलावलंय. येऊ दे, बघू दे. चुन्याचे ठिपके ताजे केले.

गावातला प्रत्येक माणूस भेटून विचारतोय, उद्या फायनल सांगणार ना? म्हटलं, उद्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कुणी तर विचारलं, यादी लावणार का. बघणाऱ्यांच्या नंबराची यादी लावावी, चांगली सूचना आहे.

१८ डिसेंबर, सोमवार. सकाळी.

पतपेढीला रजा टाकली आहे.

काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

संध्याकाळी शाळेचा टेम्पो आला. मुलं, काही आया, रंजिता मॅडम. आणि गाव. अख्खा गाव. बाया कडेवर पोरं घेऊन, म्हातारे घोंगडी पांघरून. बरेच जण सातबारा घेऊन. मला वाटलं, शनीच्या दर्शनाला पण कागद लागतो असं समजून आणला असेल भोळ्यांनी.

भाषण सुरू केलं. ब्रह्मांडापर्यंत पोचायच्या आधीच जगन उठला. म्हणाला, ते ऱ्हाऊ द्या, आधी सांगा कुणाचे नंबर लागले. म्हटलं, मुलांचे आधी. तो म्हणाला, पोरांच्या नावावर जमीन कुठंय.

मग मॅडमनी विचारलं, कसली जमीन. तेव्हा उलगडा झाला. गेल्या साली पलीकडच्या गावात रस्त्याची मोजणी झाली तेव्हा आधी हेच आलं होतं. तीन पायांचं यंत्र. एक डोळा मिटून बघणारा माणूस. लाल फडक्याचा बांबू धरून केशरी जाकीटवाला. दगडावर चुना. आणि ज्यांच्या शेतात झाडं, शेड असं काही होतं त्यांना भरपाई जास्त मिळाली. म्हणून इथे कलमं. म्हणून शेड. म्हणून कोंबडी.

मी म्हटलं, मी कधी म्हणालो मोजणी आहे? जगन म्हणाला, तुमी तरी कधी म्हनलं, मोजनी नाय? आमी रस्ता इचारला, तुमी सिद्धगडाकडं हात केला.

साडू बांधावर बसून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्याबद्दल लिहीत नाही.

ओरडाआरडा झाला नाही, तेच वाईट होतं. जगन म्हणाला, शेड पेंढ्याला होईल, कोंबडी तेवढी परत द्या. ती कुठून देणार. धाकलू काकांनी मात्र घोंगडी बाजूला केली. मग म्हणाले, रस्त्याला जमीन जानार म्हनून जीव जळत व्हता, ती वाचली ते बरं झालं. पन उभा वाल उपटला मी. आता कलमं जमिनीत गेली, ती मरू देनार नाय. पावसापर्यंत पानी तू घालायचं. माझे गुडघे नाय चालत.

सगळ्या गावाने मान हलवली. मीही.

आणि या सगळ्यात मनस्वी. वर्गातल्या पोरी तिच्याभोवती. एकजण हळूच म्हणाली, उद्या. मी ऐकलं. तिच्याकडे बघवेना. वर चंद्राची कोर, तिच्या थोडं वर एक पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका. सगळ्यांना दिसत होता तो. मी दुर्बिणीला डोळा लावला. काळोख. दर्जेदार काळोख.

मनस्वीने मला बाजूला केलं. म्हणजे ढकललं नाही, हाताला धरून केलं. फ्रॉकच्या खिशातून जाड काच काढली, बारीक काढून ती लावली. खोक्यातली वाकडी नळी पण घेऊन आली होती, ती मध्ये बसवली. मग सूचनांच्या पुस्तकातलं पान मॅडमना दाखवलं. पुस्तक तिने कधी वाचलं? दोघींनी मिळून चंद्र धरला, चंद्रावरून वर सरकल्या. मॅडम म्हणाल्या, स्टँड हलतंय, कुणीतरी पाय धरा.

मी धरले. गुडघ्यावर बसून, दोन हातांनी दोन पाय, तिसऱ्याला गुडघा. काळी बाहुली नाकाशी. मग तिने मधली काच लावली. आणि म्हणाली, आहे. पप्पा, खरंच आहे.

एक एक करून सगळ्यांनी बघितलं. 'उद्या' म्हणणारी पोरगी बघून झाल्यावर पुन्हा रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. मॅडमनी बघितलं. किशोरने बघितलं. साडूने बघितलं आणि वा म्हणाला, मला नाही, मनस्वीला. सातबारा पिशवीत घालून गावानेही बघितलं, आलोच आहोत तर. धाकलू काका वाकले तेव्हा मी विचारलं, काका, दिसली का कडी? म्हणाले, हाय बारीकशी, तांदळाच्या दान्याला कोंडा चिकटावा तशी. तू गप पाय धर.

रुपाली सगळ्यात शेवटी, पदर सावरून, जरा तिरकी उभी राहून, म्हणजे नजर थेट नको. बघितलं आणि म्हणाली, एवढासा? बिचारा. उगाच घाबरत व्हते.

मग टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. पाय सोडले तर दुर्बीण पडेल म्हणून मी तसाच. सगळे गेले तेव्हा हातांना मुंग्या आलेल्या आणि चंद्रावर ढग आलेला.

सारांश: कार्यक्रम यशस्वी. नियोजन माझं.

१ जानेवारी, सोमवार.

नवीन वर्षाचे संकल्प. पहाटे उठणे. चहा एकच. सूचनांचं पहिलं पान आधी वाचणे.

सकाळी पतपेढीची घाई, म्हणून कलमांना पाणी संध्याकाळी. ओहोळातून हंडा भरायचा, चढ चढायचा, ओतायचा. मनस्वी त्याच वेळी माळावर दुर्बीण लावते. गावातली पोरं असतात. तिला आता कुणी 'उद्या' म्हणत नाही. मनस्वी म्हणतात.

एका कलमाला पालवी आली. काकांना सांगितलं. बघू म्हणाले.

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत.

तिळगूळ घेऊन काकांकडे. त्यांनी तिळगूळ घेतला आणि विचारलं, खालच्या ओळीला घातलंस का.

पाणी घालणं हासुद्धा एक प्रकारचा व्यायाम आहे. दंड भरताहेत. स्टँडचे पाय धरायला उपयोगी.

मॅडमचा निरोप: शनी आता रोज खाली चाललाय, महिनाअखेरीस दिसेनासा होईल, मग थेट उन्हाळ्यात पहाटे. राहिलेल्यांनी बघून घ्या.

राहिलेले म्हणजे कोण. सगळ्यांनी बघितलाय.

२८ जानेवारी, रविवार.

आज हंड्यांची घाई केली. दोन कलमांना अर्धं अर्धं पाणी घातलं, काका बांधावर नव्हते. धावत माळावर. मनस्वी एकटीच होती. चुन्याचे ठिपके पुसट झालेत, पण ती पाय बरोबर त्यावरच ठेवते. दगड लावून ठेवलेत पायांना, आता कुणी धरावं लागत नाही. मला कुणी सांगितलं नाही हे.

वाकलो. डोंगराची कड दिसली, झाडाचं टोक दिसलं. शनी नुकताच खाली गेला होता.

मनस्वी काचा फडक्यात बांधत होती. विचारलं, पप्पा, तुम्ही अजून बघितलाच नाय ना? एकदा पण?

मी म्हटलं, ते नोव्हेंबरात ढगातून. तिने फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हटलं, नाय.

ती हसली नाही. दुर्बीण खांद्याला लावली, माझ्या हातातला रिकामा हंडा घेतला, आणि म्हणाली, पप्पा, उद्या दाखवते. नक्की.

बघू. उद्या म्हणणारी माणसं कशी असतात ते मला चांगलं माहीत आहे.